कूलर बंद पडला आणि तेव्हाच करंट लागला

मेहरूणचं_बोर · १४ मे, रात्री १०:४०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गाव यावल तालुक्यात. घर नानांनी १९९४ साली बांधलं, वायरिंग तेव्हाचंच. मी पुण्याला असतो, घरी माय आणि नाना दोघंच. परवा दुपारी दोनच्या सुमारास पुढच्या खोलीतला पत्र्याचा कूलर चालता चालता थांबला. मायला वाटलं लाइट गेली, पण मधल्या खोलीतला पंखा तर फिरत होता. पाणी संपलं असेल म्हणून ती वाळ्याची ताटी काढायला गेली, पत्र्याला हात लागला आणि मागच्या मागे भिंतीवर आदळली. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे, पण अजून कूलरकडे बघत नाही.

नानांचं म्हणणं एकच. "चालू होता तेव्हा दिवसभर हात लावत होतो, काही नाही झालं. बंद पडला आणि करंट मारला. असं कुठं असतं का?"

आज पोचलो. कूलरचा प्लग काढून ठेवला, मेन चालू केली. त्या बोर्डावरचा झीरोचा बल्बही लागत नाही. सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, पेटला. डाव्यात घातला, पेटला. वरच्या मोठ्या भोकात घातला, तिथेही पेटला! मेन पाडून प्लेट उघडली, फोटो टाकतोय. सॉकेटची एक बाजू काळी पडलीय. डबीत काळ्या टेपचा गोळा आहे, टेप वितळून डिंकासारखी झालीय. तिच्यात दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या.

प्रश्न असे: बंद कूलरला करंट आला कुठून? हा जॉइंट आता कशाने करू? इंटरनेटवर ते दांडी उचलून वायर घालायचे कनेक्टर दिसतात, रंगीत टोप्यांचे दिसतात. आणि तिसरा, हे मी स्वतः करावं का?

पांझराकाठ · १४ मे, रात्री ११:०२

भो, आमना गावमा बी असंच व्हयनं व्हतं. लाकडी खाटवर बठेल व्हता म्हनीसन वाचना तो माणूस. मायले जप पहिले.

निवृत्त_पक्कड · १४ मे, रात्री ११:१५

मेन पाडलेलीच ठेव आणि मग एक बघून सांग. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थला, जी वायर आहे ती कुठे जाते? भिंतीतल्या पाईपात जाते का?

मेहरूणचं_बोर · १४ मे, रात्री ११:२१

काका, पाईपात नाही जात. चार बोटांचा हिरवा तुकडा आहे. एक टोक अर्थच्या स्क्रूत, दुसरं शेजारच्याच न्यूट्रलच्या स्क्रूत.

निवृत्त_पक्कड · १४ मे, रात्री ११:५०

वाटलंच होतं. तिन्ही भोकांत टेस्टर पेटला म्हटल्यावरच समजलो. भुसावळला रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यात माझी हयात गेली. क्वार्टरमध्ये असे हिरवे तुकडे किती काढले याची गणती नाही.

नानांना असं समजाव. करंट फेजने येतो, कूलरच्या मोटरीतून जातो, न्यूट्रलने परत जातो. तुझ्या डबीतला टेपवाला जॉइंट न्यूट्रलचा होता. तो जळून सुटला. आता करंट फेजने आला, मोटरीतून गेला, न्यूट्रलच्या पिनेपर्यंत पोचला आणि पुढचा रस्ता बंद. म्हणून मोटर थांबली. पण वायर मोटरीतून थेट फेजला जोडलेलीच आहे, तर ती सगळी २३० व्होल्टवर गेली. आता तो हिरवा तुकडा बघ. न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेवर, अर्थच्या पिनेवरून कूलरच्या पत्र्यावर. आख्खा पत्रा फेज झाला. तुझ्या मायचा हात लागला तेव्हा अडलेल्या करंटला जमिनीत जायला वाट मिळाली.

म्हणून चालू असताना काही झालं नाही. कूलर बंद पडला तो न्यूट्रल तुटल्यामुळे, आणि पत्र्याला करंट आला तोही त्यामुळेच.

डाव्या भोकात टेस्टर का पेटला, तर झीरोच्या बल्बाचं बटण चालू असणार. त्याच्यातून फेज पलीकडे आला. ते बटण बंद केलं असतंस तर डावं आणि वरचं भोक विझलं असतं आणि तू म्हणाला असतास, सगळं बरोबर आहे. टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल जागेवर आहे की नाही हे सांगत नाही.

मेहरूणचं_बोर · १५ मे, सकाळी ६:३०

रात्री दोनदा वाचलं. सकाळी नानांना वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे अर्थिंग आहे म्हणून आपण निर्धास्त होतो, तीच उलटली."

कूलर पॉइंट २००८ साली काढला होता, बहुतेक तेव्हाचं काम. ज्याने केलं त्याचं नाव काढून आता उपयोग नाही.

दादर_कळणा · १५ मे, सकाळी ७:१०

हिरवा तुकडा चूक, मान्य. पण टेपेला कशाला नावं ठेवता? मी शेतातल्या मोटरीपासून घरापर्यंत ३० वर्षं वायरी पिळून टेप मारतोय. पक्कडीने कसून पिळा, वर तीन वेढे टेप, काही होत नाही. आता एकेका कनेक्टरला एकेका नाश्त्याचे पैसे घालायचे का?

आयटीआय_मास्तर · १५ मे, सकाळी ८:४५

दादर भाऊ, पिळणं चूक नाही. अर्धवट पिळून सोडणं चूक. आमच्याकडे वायरमनच्या पोरांना पहिल्या वर्षी जॉइंट शिकवतो. डबीत करायचा तो रॅट टेल, ताण घेणारा वेस्टर्न युनियन, जाड तारेचा ब्रिटानिया, मधूनच फाटा काढायचा टी जॉइंट. यातला प्रत्येक पिळून किंवा तारेने बांधून झाला की वर सोल्डर बसतं, मगच टेप. बाहेर आल्यावर पोरं सोल्डर सोडून देतात आणि टेप तेवढी लक्षात ठेवतात. टेप वायरींना धरून ठेवत नाही, ती फक्त झाकते. आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद वितळून ती सरकते, ते या फोटोत दिसतंच आहे.

सैल जॉइंट तापतो किती याचा हिशोब सांगतो, कारण लोकांना वाटतं एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारं बटण, आहे ना, ती लाइन पाडेल. मेहरूण भाऊ, त्या सॉकेटला हिवाळ्यात काय लावता?

मेहरूणचं_बोर · १५ मे, सकाळी ८:५२

पाणी तापवायचा रॉड. १५०० वॅट.

आयटीआय_मास्तर · १५ मे, सकाळी ९:२०

बघा. १५०० वॅटला साधारण साडेसहा अँपिअर. सैल जॉइंटचा रोध अर्धा ओहम धरा. साडेसहाचा वर्ग सुमारे ४२, त्याच्या निम्मे २१. म्हणजे भिंतीतल्या डबीत, टेपेच्या गोळ्यात, २१ वॅट उष्णता. रेडिओवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, तिने कथील वितळतं. इकडे साध्या पीव्हीसी वायरची सहनशक्ती ७० अंशांची. आणि रॉडला व्होल्टेज कमी पडलं किती? जेमतेम सव्वातीन व्होल्ट. पाणी तापतं, कुणाला काही कळत नाही. एमसीबी करंट मोजते, तिला साडेसहा अँपिअरच दिसतात, ती कशाला पडेल? तापून तांबं काळं पडतं, काळं पडलं की रोध वाढतो, वाढला की आणखी तापतं. कूलर जेमतेम एखादा अँपिअर घेतो, त्याने काही जाळलं नाही. हिवाळ्यात रॉडने भाजून ठेवलेला जॉइंट उन्हाळ्यात सुटला, एवढंच.

फोटोत आणखी एक आहे. पिळलेल्यातली एक वायर पांढुरकी, एकेरी, जाड. ती ॲल्युमिनियमची आहे का?

मेहरूणचं_बोर · १५ मे, सकाळी ९:४१

नखाने खरवडली, चांदीसारखी निघाली. वाकवली तर दोनदा वाकवून तुटली. दुसरी तांब्याची, बारीक तारांची.

आयटीआय_मास्तर · १५ मे, सकाळी १०:०५

मग कनेक्टरचा प्रश्नच बदलला. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळायचे नाहीत. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा वीज नेत नाही. तापलं की दोघं वेगवेगळी फुगतात, थंड झाली की सैल पडतात. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतंही, म्हणून आज कसलेला स्क्रू वर्षाने ढिला. ओल लागली तर दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, तो वेगळाच. यासाठी खास लग (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) आणि पेस्ट असते, पण घरातल्या सॉकेटसाठी त्यात पडू नका. जुनी वायर ओढून काढा आणि तांब्याची नवी घाला. पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिमी, लाइटला १.५.

निवृत्त_पक्कड · १५ मे, सकाळी १०:३०

मास्तरांशी सहमत. सगळ्यात चांगला जॉइंट म्हणजे नसलेला जॉइंट. बोर्डापासून सॉकेटपर्यंत वायर अखंड यावी. पुढच्या सॉकेटला न्यायची तर सॉकेटच्याच स्क्रूतून लूप मारून न्यावी. पाईपाच्या पोटात, प्लास्टरमध्ये जॉइंट कधीच नको. जिथे जॉइंट आहे तिथे झाकण उघडून हात घालता आला पाहिजे.

आमच्या काळात वायर तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस अशी मागायची, म्हणजे किती तारा आणि कुठल्या गेजच्या. आता दुकानात पोराला सात-वीस म्हटलं की तो मोबाइलमध्ये बघतो.

सावद्याचा_न्यूजर्सीत · १५ मे, दुपारी १२:१५ (इकडे मध्यरात्र उलटून गेलीय)

आई ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे आल्यावर घराची बरीच कामं स्वतः करायला शिकलो, म्हणून कनेक्टरबद्दल लिहितो.

रंगीत टोप्या इकडच्या. वायरींची टोकं एकत्र धरायची, वर टोपी पिळायची, आतलं मळसूत्र त्यांना आवळतं. इकडे भिंतीतली वायर एकेरी जाड तांब्याची असते, तिच्यावर ती छान बसते. आपल्याकडची २.५ ची वायर म्हणजे ०.३ मिमीच्या ३६ तारा. टोपीत त्या कधी नीट पिळल्या जातात, कधी बाहेर फुरंगटून बसतात. एक जाडी आणि एक बारीक तारांची असेल तर बारीक वाली जाडीभोवती गुंडाळली जाते आणि टोपी जाडीलाच धरते.

दांडीवाले म्हणजे वॅगो ही जर्मन कंपनी ज्यांसाठी ओळखली जाते ते. त्यांचा २२१ मालिकेतला नेहमीचा कनेक्टर ४ चौरस मिमीपर्यंतची वायर घेतो, एकेरी असो की बारीक तारांची. ११ मिमी सोलायची, दांडी उचलायची, घालायची, दांडी पाडायची. पारदर्शक असतो, वायर तळाला टेकली का ते दिसतं. त्यांचाच बिनदांडीचा, नुसतं ढकलून बसवायचा प्रकार स्वस्त आहे, पण तो एकेरी किंवा ताठ वायरीसाठी. आपल्या बारीक तारा त्यात वाकून बाहेरच राहतात. घेताना ही गफलत करू नका.

आणि एक महत्त्वाचं, याच्यासाठीच झोप मोडून लिहितोय. इकडचे व्हिडिओ बघून रंग जोडू नका! अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल. इकडचा व्हिडिओ बघत काळीला काळी जोडली तर काय होईल सांगायला नको.

शिरपूरची_सून · १५ मे, दुपारी १:०५

बाप रे, हे माहीतच नव्हतं. मग निळ्या वायरचं काय? मिक्सरच्या वायरमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी निघते. आमच्या घरात निळ्या वायरला टेस्टर पेटतो.

आयटीआय_मास्तर · १५ मे, दुपारी १:४०

ताई, अगदी नेमकं विचारलंत. आपल्या घराच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळी, निळी हे तीन फेज; काळी न्यूट्रल; हिरवी अर्थ. तुमच्याकडे थ्री फेज मीटर असेल किंवा तिसरा फेज घरात फिरवला असेल तर निळी वायर फेज आहे. उपकरणाच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे प्लगातली निळी न्यूट्रल आणि भिंतीतली निळी फेज, एकाच घरात. रंगावर विश्वास टाकून वायरीला हात लावायचा नाही, ती मेली आहे का ते तपासायचं.

खापराची_पोळी · १५ मे, दुपारी २:२०

अवांतर: सावद्याच्या माणसाला न्यूजर्सीत भरताची वांगी मिळतात का?

सावद्याचा_न्यूजर्सीत · १५ मे, दुपारी २:२६

विषय काढू नका हो.

दादर_कळणा · १५ मे, दुपारी ३:००

बरं, टेपेचं सोडा. ती पांढरी बारा घरांची पट्टी असते, कापून घ्यायची, दोन बाजूंनी दोन स्क्रू. ती चालेल का? तालुक्याला तीच मिळते.

निवृत्त_पक्कड · १५ मे, दुपारी ४:१५

चालते की. आतला पितळी नळा चांगला जाड बघून घ्यायची, हलक्या पट्टीत स्क्रूचे आटे पहिल्याच कसण्यात जातात. पण बारीक तारांवर स्क्रूचं टोक सरळ दाबलं की तारा फाकतात, काही तुटतात. म्हणून आधी पिन लग घाला, लग दाबायच्या पक्कडीने दाबा, मग पट्टीत. लग नसेल तर टोक पिळून दुमडा, दुहेरी करून घाला. काही जण टोकावर कथील चढवून स्क्रूखाली घालतात, ते मात्र करू नका. कथील मऊ, दाबाखाली चेपत जातं, सहा महिन्यांनी स्क्रू ढिला.

कशानेही जोडा, शेवटी प्रत्येक वायर एकेक धरून ओढून बघायची. हातात आली तर देवाचे आभार माना आणि परत घाला.

मेहरूणचं_बोर · १५ मे, संध्याकाळी ६:३०

निर्णय झाला. सगळी ॲल्युमिनियम काढून तांबं. लायसनवाले ठेकेदार सोमवारी येतायत. तोपर्यंत स्वतः पुढच्या खोलीतलं सॉकेट तरी बदलू का? त्याच्याशिवाय मायच्या खोलीत लाइट नाही.

निवृत्त_पक्कड · १५ मे, संध्याकाळी ७:००

सॉकेट सॉकेटच्या जागी बदलणं, बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणं घरमालकाला नियमाने करता येतं. नवी लाइन काढणं, वाढवणं हे लायसनवाल्याचं काम. पण तुझ्या डबीत जळका जॉइंट आहे आणि आतली वायर कडक झालीय, वाकवलीस की इन्सुलेशन गळेल. नको हात लावू. एक्स्टेन्शन बोर्डावर टेबलफॅन लाव दोन दिवस.

आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का?

मेहरूणचं_बोर · १५ मे, संध्याकाळी ७:०४

आहे. पंखे आणि ट्यूब त्याच्यावर.

निवृत्त_पक्कड · १५ मे, संध्याकाळी ७:१२

मग काल रात्री मेन पाडून प्लेट उघडलीस तेव्हा त्या डबीत इन्व्हर्टरची वायर नव्हती हे तुझं नशीब. मेन पाडली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, त्याच्यासाठीच तर घेतलाय तो! त्याचं स्वतःचं बटण बंद करून आउटपुट काढल्याशिवाय कुठलीही डबी उघडायची नाही. उघडल्यावर टेस्टर आधी चालू सॉकेटवर (घराची मेन बंद असेल तर शेजारच्यांच्या) लावून तो पेटतो का बघायचं, मग या वायरींवर, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर कळतं.

शिरपूरची_सून · १५ मे, रात्री ९:३०

मी गेल्या वर्षी स्वयंपाकघरातलं सॉकेट स्वतः बदललं. सासऱ्यांनी नाकं मुरडली, नंतर शेजारणीला दाखवत होते. मला अडलं होतं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. समोरून बघितलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. पण वायरी लावताना आपण सॉकेट उलटं धरतो, मागून उजवं डावं होतं! मी उलटंच लावलं होतं. मागे एल आणि एन अशी अक्षरं कोरलेली असतात, ती वाचायची, डावं-उजवं मनात आणायचंच नाही. आणि स्विच न्यूट्रलमध्ये गेला तर बटण बंद करूनही आत फेज उभा राहतो.

आयटीआय_मास्तर · १५ मे, रात्री ९:५०

शाबास ताई. म्हणूनच कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग ओढून काढा. खान्देशात मे महिन्यात पत्र्याचा कूलर, पाण्याचा पाईप, ओली फरशी, अनवाणी पाय आणि टाकीत बुडालेला पंप, एवढं सगळं एका ठिकाणी जमतं. अर्थची पिन जाड आणि लांब का, तर आत जाताना ती आधी लागावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. लोक ती पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालतात. काय बोलायचं.

ठेकेदाराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायला सांगा. एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला नाही की ती पडते. मायच्या अंगातून जमिनीत गेला तो करंट परत आला नव्हता, ती असती तर तिथेच पडली असती.

पांझराकाठ · १५ मे, रात्री १०:१०

अर्थिंगनं काय? आमच्याकडे खड्डा आहे पण काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात.

निवृत्त_पक्कड · १६ मे, सकाळी ६:१५

तापीकाठच्या काळ्या मातीचं हेच दुखणं. पावसाळ्यात अर्थिंग एक नंबर, मे महिन्यात माती पाईपापासून सुटते, मध्ये हवा. अडीच मीटरचा जीआय पाईप खोल गाडा, भोवती मीठ-कोळशाचे थर, वर नरसाळं आणि झाकण ठेवा. फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी. बाथरूमचं किंवा कूलरचं सांडपाणी तिकडे वळवलं तर विसरायचा प्रश्न नाही.

मेहरूणचं_बोर · २० मे, रात्री ९:००

अपडेट. दोन दिवस काम चाललं. नवा अर्थ खड्डा, सगळीकडे तांब्याची वायर, पुढच्या खोलीत १६ अँपिअरचं नवं सॉकेट. तीन सॉकेटांची अर्थ जिथे एकत्र येते तिथे जंक्शन बॉक्स ठेवून त्यात दांडीवाले कनेक्टर लावले. ते जळगावहून मागवले, यावलात नाही मिळाले. ठेकेदारांनी पहिल्यांदाच वापरले, दोनदा ओढून बघितले आणि म्हणाले, "बरं आहे हे."

पण आता नवीनच. आरसीसीबी राहतच नाही. बसवली, चढवली, पडली. ठेकेदार म्हणतात पीस खराब आहे, बदलून आणतो. स्वयंपाकघर सोडून बाकीच्या एमसीबी चालू केल्या तर राहते.

निवृत्त_पक्कड · २० मे, रात्री ९:१८

पीस चांगला आहे. बदलायला पाठवू नकोस. स्वयंपाकघरातलं सॉकेट उघड. फ्रिजचं.

मेहरूणचं_बोर · २० मे, रात्री १०:०५

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून उघडलं. हिरवा तुकडा! हुबेहूब तसाच, चार बोटांचा. ठेकेदारांनी त्या खोलीची वायर बदलली पण जुनं सॉकेट चांगलं होतं म्हणून तेच परत बसवलं, तुकड्यासकट. काका, तुम्हाला इथे बसून कसं कळलं?

निवृत्त_पक्कड · २० मे, रात्री १०:२०

आधी खरी अर्थ नव्हती, तेव्हा तो तुकडा नुसता झोपलेला होता. आता तू खरी अर्थ जोडलीस, तर फ्रिजचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलने गेला, थोडा त्या तुकड्यातून खड्ड्यात. आरसीसीबीला हिशोब जुळेना, ती पडली. तिचं काम तिने केलं.

मेहरूणचं_बोर · २० मे, रात्री १०:४८

तुकडा काढला. चढवली, राहिली. टेस्टचं बटण दाबलं, पडली. परत चढवली. मायने लांबूनच विचारलं, "आता लावू का हात?" नाना म्हणाले, आधी मी लावतो. मी दोघांनाही लावू दिला नाही, उद्या ठेकेदार मीटर लावून पत्रा तपासतील, मग बघू.

दादर_कळणा · २१ मे, सकाळी ७:३०

काल रात्री वाचलं आणि झोप नाही आली. सकाळी उठून आमच्या ओसरीतलं सॉकेट उघडलं. इन्व्हर्टर बंद करूनच, काका. हिरवा तुकडा आहे. टेपही आहे, मीच मारलेली.

निवृत्त_पक्कड · २१ मे, सकाळी ७:३४

फोटो टाक.